तिला पुण्याला पाठवू की घरीच ठेवू?

ताई, नमस्कार. मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहते. माझी मुलगी पंधरा वर्षांची, नववीत आहे. पहिली-दुसरीत असताना दिवेलागणीनंतर ती धडपडायला लागली. आधी वाटलं, जीवनसत्त्व कमी असेल. मग मोठ्या दवाखान्यात कळलं की आरपी आहे, डोळ्याच्या पडद्याचा आजार, औषध नाही. आता तिला फळ्यावरचं दिसत नाही. पुस्तक डोळ्याजवळ धरून वाचायची, गेल्या वर्षापासून त्यानेही दमते. मी धडे वाचून दाखवते, ती ऐकून पाठ करते आणि तरी पहिल्या पाचात असते. तिचं सगळं मीच करते. वेणी घालते, भाकरी कुस्करून ताट हातात देते, शाळेत सोडते-आणते. शाळेतले सर म्हणतात, गणित सोडा, सवलत मिळते. ह्यांचं म्हणणं, दहावीनंतर घरी बसून बाहेरून बारावी करावी. नणंद म्हणते, गाणं शिकवा, अशा मुलांना गळा असतो. आणि ती मोबाईलवर एका दृष्टिहीन अधिकारी बाईंची भाषणं ऐकते आणि म्हणते, पुण्याला कॉलेजला जाईन, कलेक्टर होईन. बोटांनी वाचायच्या ठिपक्यांच्या ब्रेल लिपीचं नाव काढलं की "मी आंधळी नाही" म्हणून चिडते, पांढऱ्या काठीचं काढलं की रडते. आम्ही काय करावं? आणि आमच्यानंतर तिचं कोण?

– एक आई

ताई,

तुमचं पत्र मला माझ्या संगणकाने वाचून दाखवलं. मी लहानपणापासून पूर्ण दृष्टिहीन आहे आणि बँकेतली नोकरी करून निवृत्त झाले, हे या सदराच्या नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहे. तुम्हाला नसेल म्हणून सांगितलं. पुढे कुठे कडक बोलले तर ते काठावरून बोललेलं नाही, एवढं धरून चाला.

पाठवा तिला. पुण्याला, मुंबईला, जिथे चांगलं कॉलेज मिळेल तिथे. पण आज आहे तशी पाठवू नका. भाकरी कुस्करून घेणारी मुलगी वसतिगृहात आठवडाभर टिकायची नाही, आणि ती परत आली की घरातले सगळे "बघ, म्हणत नव्हतो?" म्हणायला मोकळे होतील. अकरावीला अजून वर्षाहून जास्त अवकाश आहे. तो कशात घालवायचा, तेवढं ठरवायचं आहे.

आधी डोळ्यांचं उरकते. आरपी, म्हणजे रेटिनायटिस पिग्मेंटोसा, हा जनुकांमधला दोष आहे. आधी अंधारातलं दिसेनासं होतं, मग कडेचं, आणि मधली नजर बहुधा शेवटी जाते. गरोदरपणी तुम्ही ग्रहण पाहिलं असेल, कुणाची दृष्ट लागली असेल, असलं काही नाही. लग्न नात्यात झालं असेल तर असे दोष एकत्र येण्याची शक्यता वाढते, म्हणून भावंडं असतील तर त्यांचेही डोळे तपासून घ्या. आरपीई६५ नावाच्या एका जनुकातल्या दोषावर उपचार निघाला आहे, पण तो फार थोड्यांना लागू पडतो. तेव्हा थेंब, चूर्ण, सुया यांनी नजर परत आणून देतो अशी हमी देणारा कुणी भेटला, तर त्याला द्यायचे पैसे मुलीच्या शिक्षणाला ठेवा. मात्र वर्षातून एकदा तपासणी चुकवू नका. आरपीसोबत मोतीबिंदू होतो, पडद्याला सूज येते, आणि या दोन्हींवर इलाज आहेत.

तुम्ही दिव्यांग प्रमाणपत्राचं काहीच लिहिलेलं नाही. काढलं नसेल तर लगेच काढा. जिल्हा रुग्णालयात तपासणी होते आणि पुढे यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, मिळतं. इथे एक मेख आहे. आरपीच्या मुलांना समोरच्या तक्त्यावरची अक्षरं कधी कधी बऱ्यापैकी वाचता येतात, आणि मग घाईत "एवढं काही नाही" म्हणून कमी टक्के लिहिले जातात. खरं नुकसान कडेच्या नजरेचं असतं. बऱ्यापैकी अक्षरं वाचणारी मुलगीही जणू नळीतून जग बघत असते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये अंधत्वाची व्याख्या केवळ अक्षरांवरून केलेली नाही. दृष्टीचं क्षेत्र १० अंशांहून कमी असेल तर तेही अंधत्व धरलं जातं आणि ४० अंशांहून कमी असेल तर अल्पदृष्टी. म्हणून फील्ड टेस्टचा, म्हणजे या कडेच्या नजरेच्या तपासणीचा, आग्रह धरा, तिचा कागद सोबत न्या. ४० टक्क्यांच्या पुढचं प्रमाणपत्र हाती असलं की बहुतेक दारं उघडतात.

आता पत्रातल्या ज्या वाक्याने मी थबकले त्याकडे येते. "तिचं सगळं मीच करते." आजार तिच्या डोळ्यांना आहे, ताई. बोटं धडधाकट आहेत. वेणी घालायला आरसा लागत नाही. तुम्ही तरी पाठीमागची वेणी कुठे बघून घालता? चहा गाळताना कपाच्या काठाच्या आत बोटाचं टोक ठेवलं की कप भरल्याचं कळतं, आणि थोड्या सरावाने नुसत्या आवाजावरून कळतं. गॅस पेटवायला आम्ही आधी भांडं ठेवून मध्य साधतो, मग पेटवतो. आणि आपलं मराठी ताट तर आंधळ्यासाठीच कुणीतरी बसवून दिल्यासारखं आहे. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे, भाजी-आमटी उजवीकडे. ती जागा रोज तीच ठेवा, तेवढं पुरे. घरात खुर्ची, बादली, चपला मध्येच हलवू नका आणि दार अर्धवट उघडं ठेवू नका. अर्ध्या दारावर कपाळ आपटलं नाही असा दृष्टिहीन माणूस मला अजून भेटलेला नाही.

पैसे हाताळायला लावा. २०१६ नंतरच्या नोटांनी आमचे हाल केले. दोनशेच्या आणि पाचशेच्या नोटेची रुंदी सारखी आणि लांबीत फरक फक्त ४ मिलिमीटरचा. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२० मध्ये मनी नावाचं अॅप काढलं, ते फोनच्या कॅमेऱ्यातून नोट ओळखून सांगतं. घरी ते उत्तम आहे, पण भाजीवाल्यासमोर रांगेत उभं राहून कोण ते उघडतं? मी पाचशेची आडवी दुमडते, दोनशेची उभी, शंभराची तशीच, आणि पाकिटाचे कप्पे ठरलेले. तिला तिची पद्धत ठरवू द्या. एकदोनदा फसेल. डोळस माणसंही फसतात.

ब्रेलविषयी मला जरा सविस्तर बोलायचं आहे, कारण तुमची लेक जे म्हणते तेच आज पुष्कळ मुलं म्हणतात, आणि काही शिक्षकसुद्धा. मोबाईल बोलतो, संगणक बोलतो, मग ठिपके कशाला? बोलणारी यंत्रं हवीतच. त्यांच्याशिवाय माझी नोकरी टिकली नसती. पण जे मूल फक्त ऐकतं ते वाचत नाही. त्याला 'कि' आणि 'की' कानाला सारखेच. 'दिन' आणि 'दीन' यांतला फरक त्याला वाक्याच्या संदर्भातूनच लागतो. जोडाक्षर कसं फुटतं, परिच्छेद कुठे बदलतो, स्वल्पविराम कुठे पडतो, हे काहीच कळत नाही. अशी हुशार मुलं मी पदवीधर होताना पाहिली आहेत आणि त्यांचे अर्ज दुसऱ्याला दुरुस्त करायला लागलेलेही पाहिले आहेत. ब्रेलमध्ये ऱ्हस्व इकाराचं चिन्ह वेगळं, दीर्घाचं वेगळं. बोट एकदा त्यावरून गेलं की शब्द मनात चित्रासारखा बसतो. सहा ठिपक्यांची ६३ चिन्हं, त्यांत अख्खी मराठी बसते. १९५१ मध्ये भारतीय भाषांसाठी भारती ब्रेल ठरली. त्यात अक्षराच्या डोक्यावर-पायाखाली मात्रा नसते. व्यंजनानंतर स्वर, सरळ ओळीत. त्या हिशोबाने ती देवनागरीहून सोपी आहे, आणि तुमच्या लेकीला शुद्धलेखन आधीच येतं. तिला फक्त लिपी बदलायची आहे. अक्षरं काही आठवड्यांत येतात, वेग यायला वेळ लागतो. तो मात्र रोज वाचल्याशिवाय येत नाही.

ती ऐकत नसेल तर एवढंच सांगा, की लुई ब्रेलने ही लिपी बनवली तेव्हा तो पंधरा वर्षांचाच होता. १८०९ चा जन्म, १८२४ मध्ये लिपी तयार. तिच्या वयाच्या पोराने केलेली गोष्ट आहे, कुणा आजोबांनी नाही. वाचायला काय द्यायचं असंही विचाराल. स्वागत थोरात यांनी २००८ मध्ये 'स्पर्शज्ञान' हे मराठी ब्रेल पाक्षिक सुरू केलं. देशातलं ते पहिलं ब्रेल वृत्तपत्र, आणि ते मराठीत निघालं, याचा मला अजून अभिमान वाटतो. पाठ्यपुस्तकांसाठी तालुक्याच्या गटशिक्षण कार्यालयात जा आणि समग्र शिक्षा योजनेचे समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक कोण ते विचारा. ब्रेल पुस्तकं, मोठ्या टायपातली पुस्तकं, ब्रेल पाटी, सगळं तिथून मागायचं असतं. मागावं लागतं, आपणहून घरी कुणी येत नाही.

अजून थोडी नजर आहे तोवर शिकली तर उत्तम. तुमच्या लेकीच्या "मी आंधळी नाही" यात खोटं काही नाही. तिला थोडं दिसतं, आणि थोडं दिसणाऱ्यांची ओढाताण आमच्याहून जास्त असते. दिवसा त्या डोळस आणि संध्याकाळी दृष्टिहीन. लोकांना वाटतं, ढोंग करते. त्यामुळे ब्रेल म्हणजे शेवटची पायरी असं तिला वाटणं साहजिक आहे. तिच्याशी यावर वाद घालू नका. पाटी घरात आणून ठेवा आणि तिच्याआधी तुम्ही शिका. आईला चुकीचं वाचताना ऐकून कुठलीही हुशार मुलगी फार दिवस गप्प बसत नाही.

काठीचंही असंच. काठी घेतली की सगळ्यांना कळेल, म्हणून रडू येतं. पण काठीवाचून लोकांना काय कळतं, हेही तिला विचारा. माणसाला धडकली की "दिसत नाही का गं?", ओळखीच्या बाईला नमस्कार केला नाही की "शिष्ट झाली". काठी हातात असली की हे प्रश्नच मिटतात, समोरचा आपोआप बाजूला होतो. आणि काठी काही आधाराची नसते. छातीच्या हाडापर्यंत उंच, हलकी, घडीची असते. पाऊल टाकण्याआधी ती पुढची जमीन तपासून देते, डावं पाऊल पुढे तेव्हा टोक उजवीकडे, उजवं पुढे तेव्हा डावीकडे. आपल्याकडे फुटपाथवर दुचाक्या उभ्या, गटाराची झाकणं गायब, डोक्याच्या उंचीवर दुकानांच्या पाट्या. पाट्या काठीला लागत नाहीत, त्यासाठी एक हात कपाळासमोर धरायला शिकवतात. हे सगळं शिकवणारे शिक्षक असतात. यूट्यूबवर बघून घरी करण्याची ही गोष्ट नाही.

तिच्या वडिलांना एक गोष्ट आजच शिकवा. तिचा हात धरून तिला ओढत न्यायचं नाही. तिने त्यांचं कोपर धरायचं आणि अर्धं पाऊल मागे चालायचं. त्यांच्या हालचालीवरून तिला पायरी, वळण, थांबणं सगळं कळतं. हा नियम मुलींसाठी आणखी एका कारणाने महत्त्वाचा आहे. शहरात रस्ता ओलांडून देण्याच्या नावाखाली खांद्यावर, कमरेला हात टाकणारे भेटतात. मलाही भेटलेत. "तुम्ही मला धरू नका, मी तुमचं कोपर धरते," हे वाक्य तिच्या जिभेवर असायला हवं, मोठ्या आवाजात, चार माणसांना ऐकू जाईल असं. तुमची भीती मला समजते. पण घरात ठेवल्याने मुलगी सुरक्षित राहते हेही खरं नाही, ते तुम्ही बाई म्हणून जाणताच.

गणित सोडू नका. सरांचा हेतू चांगला असेल, पण हा सल्ला शाळेच्या सोयीचा आहे. दिव्यांग मुलांना दहावीला नेहमीच्या गणिताऐवजी सातवीच्या पातळीचं अंकगणित घेण्याची मुभा मिळत आली आहे. ज्यांना शिकवायला कुणीच नव्हतं अशा मुलांचं तिने भलं केलं, पण हुशार मुलांचं नुकसानही केलं, कारण पुढची किती दारं बंद होतात हे त्या वयात कुणी सांगत नाही. बँकेच्या परीक्षांत गणित आहे. कलेक्टर व्हायचं म्हणते ना? यूपीएससीच्या पूर्वपरीक्षेचा दुसरा पेपर उत्तीर्ण व्हायला ३३ टक्के लागतात आणि त्यात दहावीच्या पातळीचं अंकगणित असतं. ती सवलत आज घेतली तर सात वर्षांनी तेच गणित क्लास लावून, पैसे मोजून शिकेल. अंधशाळेतल्या मुली टेलर फ्रेम नावाच्या भोकांच्या पाटीवर खुंट्या लावून गुणाकार-भागाकार करतात, अबॅकसवर तर त्या तुमच्या सरांना मागे टाकतील. भूमितीच्या आकृत्या उठावाच्या कागदावर काढता येतात. आंध्रातल्या श्रीकांत बोल्ला या दृष्टिहीन मुलाला दहावीनंतर विज्ञान शाखा नाकारली होती. तो न्यायालयात गेला, शाखा मिळवली, पुढे अमेरिकेत एमआयटीत शिकला आणि हैदराबादला कारखाना काढला. वडोदऱ्याचा दृष्टिहीन दर्पण इनानी सनदी लेखापाल झाला आणि बुद्धिबळात आशियाई पॅरा स्पर्धेतलं सुवर्णपदकही त्याने आणलं. म्हणजे गणिताशी डोळ्यांचं वैर नाही.

परीक्षेत सांगू ते लिहून देणाऱ्या लेखनिकाची सवय मात्र आतापासून लावा. त्याला आमच्यात सगळे रायटरच म्हणतात. बोर्डाचा लेखनिक तिच्याहून खालच्या वर्गातला असावा लागतो आणि केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनुसार तासाला निदान २० मिनिटं जादा मिळतात. पण दुसऱ्याकडून लिहून घेणं ही वेगळी विद्या आहे. कुठे थांबायचं, स्पेलिंग कधी सांगायचं, लिहिलेलं परत कधी वाचून घ्यायचं, आकृतीचं वर्णन कसं करायचं. पाठ केलेलं घडाघडा म्हणणारी मुलं इथेच अडकतात, कारण लिहिणाऱ्याचा हात मागे राहतो आणि यांचा धागा तुटतो. गल्लीतली एखादी आठवीतली मुलगी शोधा आणि घटक चाचणीपासून सराव करा. परीक्षेच्या आदल्या रात्री लेखनिक शोधत फिरणारे आईबाप मी पुष्कळ पाहिलेत. तुमचं ते होऊ नये.

आता शिकायचं कुठे? तिला नेहमीच्या शाळेतून काढून अंधशाळेत घालावं असं मी म्हणणार नाही. दहावी तिथेच होऊ दे. २०१६ च्या कायद्याने १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे, शेजारची शाळा की विशेष शाळा ही निवडही दिली आहे, तेव्हा शाळेने "आम्हाला जमणार नाही" म्हटलं तर ते लेखी मागा. लेखी द्यायची वेळ आली की बऱ्याच जणांना जमायला लागतं. तेवढ्यानेही भागलं नाही तर पुण्यात दिव्यांग कल्याण आयुक्तालय आहे.

पण मे महिन्याच्या सुट्टीत तिला प्रशिक्षणाला न्या. वरळीला नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड ही संस्था १९५२ पासून आहे, तिच्या शाखा जिल्ह्यांत आहेत. पुण्यात पूना ब्लाइंड मेन्स असोसिएशन आहे, कोथरूडला मुलींची अंधशाळा आहे, दादरला कमला मेहता अंधशाळा आहे, ती मुलींचीच. डेहराडूनला केंद्र सरकारची राष्ट्रीय संस्था आहे. आधी फोन करा, मुलींची राहण्याची सोय, कालावधी, काठी शिकवणारे शिक्षक आहेत का, हे तीनही विचारा आणि मग निघा. तुम्ही सोबत जा, पण तिच्या वर्गात बसू नका.

आणि सुट्टीत पुरेसं झालं नाही तर दहावीनंतर एक वर्ष थांबा. ब्रेलचा वेग, काठी, संगणक, स्वयंपाक, बस एकटीने पकडणं, फक्त यासाठी. "वर्ष वाया जाईल" म्हणून आपल्याकडे घरं हादरतात. पण हे न शिकता अकरावी-बारावी झालेली मुलं पुढची सगळी वर्षं दुसऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून काढतात, ते कुणी मोजत नाही.

जिचं ती मोबाईलवर ऐकते ती प्रांजल पाटील असणार. उल्हासनगरची मुलगी, सहाव्या वर्षी दृष्टी गेली, शिकली त्याच दादरच्या कमला मेहता शाळेत. पुढे मुंबईचं सेंट झेवियर्स कॉलेज, मग दिल्लीला जेएनयू. तुमच्या लेकीने भाषणांतला पुढचा भागही नीट ऐकावा. पहिल्यांदा यूपीएससीत ती ७७३ वी आली, रेल्वेची सेवा मिळाली आणि दृष्टी नाही म्हणून तीच नाकारली गेली. पुन्हा बसली, १२४ वी आली आणि २०१९ मध्ये तिरुवनंतपुरमला उपजिल्हाधिकारी झाली. हुशारीबरोबर पूर्वतयारी होती, ब्रेल होती, बोलणारा संगणक होता. झेवियर्समध्ये २००३ पासून दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र केंद्र आहे. कॉलेज निवडताना नाव नंतर बघा, असं केंद्र आहे का, पुस्तकं स्कॅन करून देतात का, वसतिगृह किती दूर आहे, हे आधी बघा. पदवीला सरकारी आणि अनुदानित संस्थांत ५ टक्के जागा राखीव आहेत. पुस्तकांसाठी २०१६ मध्ये सुरू झालेलं सुगम्य पुस्तकालय हे ऑनलाइन वाचनालय आहे. आमच्या वेळी कुणीतरी कॅसेटवर वाचून द्यायचं. त्यात मागे कुकरच्या शिट्ट्या आणि वाचणाऱ्याच्या जांभया. अर्थशास्त्र मी तसंच शिकले.

नोकरीचं खरं सांगते, गोड करून नाही. मी बँकेत लागले ती टेलिफोन ऑपरेटर म्हणून. तेव्हा आमच्यासाठी ठरलेली कामं म्हणजे टेलिफोन बोर्ड, खुर्च्या विणणं, खडू-मेणबत्त्या आणि शाळेत पेटी वाजवणं. मग ऑटोमॅटिक बोर्ड आले आणि आमचं कामच गेलं. पगार चालू, काम नाही. त्या काळातला अपमान मी विसरलेले नाही. पुढे संगणक बोलायला लागले तेव्हा साहेबांच्या मागे लागून टेबल मागून घेतलं. आज एनव्हीडीए हे स्क्रीन वाचणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. ऑस्ट्रेलियातल्या दोन दृष्टिहीन तरुणांनी २००६ मध्ये त्याची सुरुवात केली, मराठीही वाचतं. त्याच्या जोरावर मुलं बँकांत, महाविद्यालयांत, वकिलीत, सॉफ्टवेअर कंपन्यांत आहेत. मेणबत्त्यांचंही बघा, महाबळेश्वरला भावेश भाटिया यांनी विशीत दृष्टी गेल्यावर त्याच मेणबत्त्यांचा मोठा उद्योग उभा केला आणि दृष्टिहीनांनाच काम दिलं. सरकारी नोकरीत दिव्यांगांना ४ टक्के आरक्षण आहे, त्यातला १ टक्का अंध आणि अल्पदृष्टींचा. जागा वर्षानुवर्षं भरल्या जात नाहीत आणि त्यासाठी आमच्या संघटनांना सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं, हेही खरं. पण कायदा सरकतो. मार्च २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने निकाल दिला की दृष्टी नाही या कारणाने कुणाला न्यायाधीश होण्याची संधी नाकारता येणार नाही. तुमची लेक कलेक्टरऐवजी उद्या न्यायाधीश व्हायचं म्हणाली तर दचकू नका.

नणंदबाईंना सांगा, गाणं शिकायचं असेल तर जरूर शिकू दे, तिला आवडत असेल तर. डोळे गेले म्हणून गळा येत नाही. रवींद्र जैन जन्मापासून दृष्टिहीन होते आणि मोठे संगीतकार झाले, ते प्रतिभेने आणि रियाजाने. मला स्वतःला सा लागत नाही. आयुष्यभर लोकांनी "काहीतरी म्हणून दाखवा" म्हटलंय आणि मी नाही म्हटलंय.

त्यापेक्षा तिला पळवा, खेळवा. नोव्हेंबर २०२५ मध्ये कोलंबोत दृष्टिहीन महिलांचा पहिला टी-ट्वेन्टी विश्वचषक भारताने जिंकला, अंतिम सामन्यात नेपाळला हरवून. कर्णधार कर्नाटकची दीपिका, उपकर्णधार आपल्या महाराष्ट्राची गंगा कदम. चेंडूत आवाज करणारे छर्रे असतात, तो हाताखालून टाकतात, आणि संघात थोडं दिसणाऱ्या मुलींसाठीही वेगळे गट असतात. तुमच्या लेकीसारख्याच त्या. घरात बसून अंग आखडलेल्या मुलीला काठी धरूनही नीट चालता येत नाही, म्हणून हे लिहिलं.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. आमच्यानंतर तिचं कोण? त्याचं उत्तर दीर, भाचा, सख्खा भाऊ यांच्यात शोधू नका, आणि घाईघाईने केलेल्या लग्नात तर नकोच. दहा वर्षांवरच्या मुलांना बँकेत स्वतः चालवायचं बचत खातं उघडता येतं. या महिन्यात तिच्या नावाचं उघडा. दृष्टिहीन खातेदाराला चेकबुक, एटीएम, इंटरनेट बँकिंग नाकारायचं नाही, असं रिझर्व्ह बँकेने २००८ सालीच सगळ्या बँकांना कळवलेलं आहे. तरी काउंटरवर कुणीतरी "आईचं नाव जोडा, मुलीला कसं जमणार" म्हणेल. मी त्याच काउंटरच्या आत बसलेली आहे, म्हणून सांगते, व्यवस्थापकाला भेटा आणि परिपत्रकाचं नाव घ्या. पैसे तिने स्वतः भरायचे, स्वतः काढायचे. आणि जायच्या आधी घरी सहीचा सराव करून घ्या. तिला अजून लिहिता येतं, तेवढ्यात सही पक्की करून घ्या. पुठ्ठ्याला सहीएवढी आडवी खाच पाडा, ती कागदावर ठेवायची आणि खाचेच्या आत लिहायचं, नजर नसली तरी ओळ सुटत नाही. बँकेतला कारकून शाईचा पॅड पुढे सरकवून "अंगठा चालेल" म्हणेल. चालणार नाही म्हणा, आणि तो पुठ्ठा तिच्या हातात द्या.